कूगन, जॅकी

(२६ ऑक्टोबर १९१४ – १ मार्च १९८४). अमेरिकन चित्रपटनट आणि मूकपटांच्या काळातील जगप्रसिद्ध बालकलावंत. पूर्ण नाव जॉन लेस्ली कूगन. चार्ली चॅप्लिन याच्या ‘द किड’ (१९२१, म. शी. पोर) या चित्रपटातील टाकून दिलेल्या मुलाच्या भूमिकेमुळे वयाच्या सातव्या वर्षीच त्याची कीर्ती सर्वदूर पोहोचली. चित्रपटव्यवसायाने एका मुलाभोवती उभा केलेला हा पहिला मोठा व्यापार होय. त्या व्यापाराची बहुतेक सर्व मिळकत सज्ञान झाल्यावर त्याला नाकारण्यात आली व त्यातून उद्‌भवलेल्या दाव्यामुळे बालकलावंतांच्या कमाईला संरक्षण देणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अस्तित्वात आला. चित्रपटांचा अभ्यासक त्याला चॅप्लिनचा सहकलावंत म्हणून ओळखतो. तथापि वकील आणि पालक यांच्या तोंडी त्याचे नाव आजही आहे, ते त्या कायद्यामुळे.

त्याचा जन्म लॉस अँजेल्स येथे झाला. वडील जॉन हेन्‍री कूगन हे व्होडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नाच, नकला, कसरती इत्यादींच्या मिश्र कार्यक्रमांत, नर्तक म्हणून काम करीत. आई लिलियन हिनेही बालपणी रंगमंचावर कामे केली होती. अशा घरातील मूल रंगमंचाच्या पाखेआड वाढते आणि चालू-बोलू लागले की प्रेक्षकांपुढे येते. जॅकीचेही तसेच झाले. ‘स्किनर्स बेबी’ (१९१७) या चित्रपटात तो किरकोळ कामात दिसला होता. परंतु त्याचा खरा शोध लागला तो १९१९ मध्ये. लॉस अँजेल्सच्या ऑर्फियम नाट्यगृहात वडिलांच्या नृत्यानंतर हा चार-पाच वर्षांचा मुलगा रंगमंचावर येऊन नाचून गेला आणि प्रेक्षकांत बसलेल्या चॅप्लिनच्या मनात तो ठसला. पुढे रॉस्को आरबकल या विनोदी नटाने कूगन यास करारबद्ध केल्याची वार्ता त्याच्या कानी आली, तेव्हा ही कल्पना आपल्याला आधी सुचली नाही म्हणून तो हळहळला. आरबकलने मुलाला नव्हे, तर वडिलांना करारबद्ध केले असल्याचे लवकरच उघड झाले व चॅप्लिनने विलंब न लावता मुलाची मागणी घातली.

‘ए डेज प्लेझर’ (१९१९) या लघुपटातील एका छोट्या भूमिकेत त्याला पारखून घेऊन चॅप्लिनने ‘द किड’चे चित्रीकरण सुरू केले. त्या वेळी चॅप्लिनच्या वैयक्तिक जीवनात एक आघात नुकताच होऊन गेला होता: जुलै १९१९ मध्ये त्याचा पहिला मुलगा जन्मानंतर तीनच दिवसांत दगावला होता. शिवाय लंडनमधील त्याचे स्वतःचे बालपण आईच्या आजारपणात आणि गरिबांसाठी असलेल्या सरकारी श्रमगृहात व तत्संबद्ध शाळेत गेले होते. या दोन्ही गोष्टी चित्रपटात उतरल्या आहेत, यात शंका नाही. जॅकीला तो प्रत्येक प्रसंग आधी स्वतः करून दाखवी आणि मुलगा तो तंतोतंत उचली. मूकाभिनयाचे मोजके नियम या मुलाने फार लवकर आत्मसात केले. तो कृतीला भावनेची आणि भावनेला कृतीची जोड देऊ शके आणि एकच प्रसंग अनेकदा करूनही त्यातील ताजेपणा टिकवू शके, असे चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. चॅप्लिन एकेका प्रसंगाची चित्रणे पुनःपुन्हा घेत असे, हे लक्षात घेता पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा गुण असामान्य म्हणावा लागेल.

चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे अनाथालयाचे अधिकारी मुलाला मोटारगाडीत घालून नेतात आणि तो हात पसरून आक्रोश करतो, हा होय. हा प्रसंग चित्रित करण्याच्या दिवशी मुलगा खेळकर मनःस्थितीत होता. चॅप्लिनने सांगितलेल्या करुण गोष्टींचाही उपयोग होईना. तेव्हा मुलाला रडविण्याचे काम वडिलांनी अंगावर घेतले आणि थोड्याच वेळात जॅकी हुंदके देऊ लागला. रडला नाहीस, तर तुला या स्टुडिओतून काढून खरोखरीच श्रमगृहात धाडतील, असे वडिलांनी त्याला सांगितले होते. चॅप्लिनने मुलाला जवळ घेऊन समजावले, तेव्हा बाबा थट्टा करीत होते हे आपल्याला ठाऊक होते, असे मुलाने त्याच्या कानात सांगितले. ही आठवण चॅप्लिनने काहीशा कौतुकाने सांगितली आहे. आजच्या वाचकाला मात्र तीत निराळेही काही दिसेल. पडद्यावरील अश्रूंचे दाम मिळणार होते आणि ते काढण्याचा उपाय पालकाच्या हाती होता. या कामाबद्दल जॅकीला आठवड्याला ७५ डॉलर मिळत. वडीलही चॅप्लिनच्या पगारावर होते आणि त्यांनी चित्रपटात काही किरकोळ भूमिकाही केल्या.

‘द किड’चे कथानक साधे आहे. एक असहाय माता आपले तान्हे मूल श्रीमंताच्या मोटारीत ठेवून निघून जाते. चोर ती मोटार पळवितात आणि मूल गल्लीत टाकून देतात. तेथे ते भटक्याला सापडते व तो ते वाढवतो. पाच वर्षांनी दोघांचा उद्योग सुरू होतो: मुलगा दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडतो आणि काही वेळाने भटका पाठीवर काचा घेऊन त्या बसवून द्यायला हजर होतो. छपरांवरून धावत जाऊन भटक्याने मुलाची केलेली सुटका आणि त्यानंतरचे दोघांचे आलिंगन पाहताना हसणारा प्रेक्षक एकाएकी गहिवरतो. विनोद आणि करुण यांचा असा मिलाफ लांब पल्ल्याच्या विनोदी चित्रपटात तोपर्यंत क्वचितच साधला गेला होता. सहा रिळांचा हा चित्रपट १९२१ च्या आरंभी प्रदर्शित झाला व देशोदेशी अफाट चालला. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. मोठी टोपी, अंगाहून मोठी विजार, कपाळावरील झुलपे आणि मोठे डोळे एवढ्या भांडवलावर जॅकी कोणत्याही देशातील प्रेक्षकाला आपलासा वाटे. चॅप्लिनसमवेत बरोबरीने पडदा व्यापणारे असे कलावंत थोडेच झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हा चित्रपट २०११ मध्ये समाविष्ट करण्यात आला.

यानंतर चॅप्लिनबरोबर त्याने पुन्हा काम केले नाही. वडिलांनी त्याच्या कारभाराची सूत्रे पूर्णपणे हाती घेतली आणि ‘पेक्स बॅड बॉय’ (१९२१), ‘माय बॉय’ (१९२१), ‘ट्रबल’ (१९२२), ‘सर्कस डेज’ (१९२३), ‘लाँग लिव्ह द किंग’ (१९२३), ‘ए बॉय ऑफ फ्लँडर्स’ (१९२४), ‘द रॅग मॅन’ (१९२५) असे चित्रपट एकामागून एक निघाले. त्यांपैकी बहुतेकांत त्याची भूमिका फाटक्या कपड्यांतील निराधार मुलाचीच असे. प्रेक्षकांना तेच हवे होते आणि निर्मात्यांनाही. फ्रँक लॉइड याने दिग्दर्शित केलेल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९२२) या चित्रपटात मात्र त्याच्या गुणांना पुन्हा वाव मिळाला. त्यात फॅगिनच्या भूमिकेत लॉन चेनी हा समर्थ नट होता. हा चित्रपट अनेक वर्षे नष्ट झाला असे समजले जात असे. १९७० नंतरच्या दशकात यूगोस्लाव्हियात त्याची एक प्रत सापडली. तीत मधल्या मजकुराच्या पाट्या नव्हत्या. निर्माता सॉल लेसर व स्वतः कूगन यांच्या साहाय्याने त्या नव्याने तयार करण्यात आल्या.

१९२३ मध्ये मेट्रो या चित्रपटसंस्थेशी करार करताना केवळ सहीपोटी ५ लक्ष डॉलर देण्यात आल्याचे सांगितले जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही किंमत त्या काळी वृत्तपत्रांचा आवडता विषय झाली होती. त्याच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, लेखनसाहित्य, इतकेच नव्हे, तर भुईमुगाच्या लोण्याचे डबेही बाजारात आले. १९२४ मध्ये ‘निअर ईस्ट रिलीफ’ या मदतसंस्थेच्या वतीने त्याने आर्मेनियन व ग्रीक अनाथ मुलांसाठी अमेरिकेत व यूरोपात दौरा केला. त्यातून १० लक्ष डॉलरांहून अधिक मोलाचे अन्न, वस्त्र व इतर साहाय्य गोळा झाले. या दौऱ्यात रोममध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याची भेट घेतली. पडद्यावर अनाथाचे सोंग आणणारा मुलगा खऱ्या अनाथांसाठी झोळी घेऊन निघाला, ही कल्पना लोकांना अतिशय भावली. या कार्यामागे प्रसिद्धीचा हेतू नव्हता, असे म्हणता येणार नाही; पण मदत खरी होती.

दहाव्या वर्षापर्यंत त्याचे शिक्षण खाजगी शिक्षकांकडून झाले आणि नंतर तो शाळेत जाऊ लागला. मूल वाढते, ही या व्यवसायातील अटळ अडचण होय. त्याचे प्रसिद्ध केस अखेर कापण्यात आले, तेव्हा त्याचीही बातमी झाली आणि ‘जॉनी गेट युवर हेअर कट’ (१९२७) या नावाचा चित्रपटच काढण्यात आला. त्याच वर्षी आणखी दोन मूकपट करून तो जवळजवळ निवृत्त झाला. बोलपटांच्या आगमनानंतर ‘टॉम सॉयर’ (१९३०) व ‘हकलबेरी फिन’ (१९३१) यांत त्याने टॉमची भूमिका चांगली वठविली. परंतु पूर्वीची जादू ओसरली होती. पुढे सँटा क्लारा येथील विद्यापीठात व सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात तो काही काळ शिकला. या काळात त्याला घरून आठवड्याला ६·२५ डॉलर हातखर्च मिळत असे. सज्ञान झाल्यावर आपली कमाई आपल्याला मिळेल, अशी त्याची समजूत होती आणि वडील हयात असते, तर ती कदाचित खरी ठरली असती.

४ मे १९३५ रोजी मेक्सिकोतून शिकारीहून परतत असता सॅन डिएगोजवळ त्यांची मोटारगाडी कोसळली. वडील, ‘हकलबेरी फिन’मध्ये हकची भूमिका करणारा त्याचा मित्र ज्यूनिअर डर्किन आणि आणखी दोघे जण त्यात ठार झाले, एकटा जॅकी वाचला. पाच महिन्यांनी तो २१ वर्षांचा झाला. वडिलांची मालमत्ता आईकडे गेली होती. आईने कुटुंबाचा आर्थिक सल्लागार आर्थर बर्नस्टाइन याच्याशी विवाह केला आणि मुलाची मागणी धुडकावून लावण्यात आली. दरम्यान १९३७ मध्ये कूगनने बेटी ग्रेबल या नटीशी विवाह केला होता आणि त्याच्याजवळ काम व पैसा दोन्ही नव्हते. या अडचणीत चॅप्लिनकडे गेला असता त्याने १,००० डॉलर तत्काळ काढून दिले, असे सांगतात.

न्यायालयीन दावा व कूगन कायदा : एप्रिल १९३८ मध्ये कूगनने आई, सावत्र वडील व त्याच्याच नावाने काढण्यात आलेली चित्रपटसंस्था यांच्याविरुद्ध दावा लावला. बालपणात त्याने मिळविलेली रक्कम ३० ते ४० लक्ष डॉलरांच्या घरात असावी, असा अंदाज होता. प्रतिपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे, की २१ वर्षांखालील मुलाची सर्व कमाई आईवडिलांची असते आणि त्याला काही देण्याचे वचन कोणीही दिलेले नव्हते. लोकांना या उत्तराचा संताप आला; परंतु कायद्याच्या दृष्टीने ते निराधार नव्हते. इंग्लंडमधून आलेल्या जुन्या विधिपरंपरेनुसार अज्ञान मुलाच्या श्रमावर व वेतनावर त्याचे पालनपोषण करणाऱ्या पालकाचा हक्क असे आणि कॅलिफोर्नियाच्या विधिसंहितेतही तेच तत्त्व होते. शेतावर किंवा कारखान्यात राबणाऱ्या मुलाचे चार पैसे कुटुंबाच्या चुलीसाठी खर्च व्हावेत, या जुन्या जगातील व्यवहाराला ते शोभणारे होते. जेथे मूलच सबंध कुटुंबाला, त्यातील हिऱ्यांना, फरच्या कोटांना आणि मोटारींना पोसते, असा प्रसंग त्या तत्त्वाच्या निर्मात्यांपुढे कधी आलाच नव्हता. म्हणूनच या दाव्यात आई लोभी होती की नव्हती, यापेक्षा श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. १९३९ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सर्व मालमत्ता सुमारे २,५०,००० डॉलर एवढीच उरली होती. तीपैकी सुमारे १,२६,००० डॉलर कूगनच्या वाट्याला आले. त्याच वर्षी त्याचा व बेटी ग्रेबलचा घटस्फोट झाला.

या प्रकरणाच्या गाजावाजामुळे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९३९ मध्ये बालनटांविषयीचा कायदा संमत केला. तो लोकांत ‘कूगन कायदा’ याच नावाने रूढ झाला. अज्ञान व्यक्तीला आपण केलेला करार रद्द करता येतो. मात्र मनोरंजनव्यवसायातील करारास न्यायालयाची मान्यता घेतली असल्यास तसे करता येत नाही, अशी तरतूद तेथे अगोदरच होती. नव्या कायद्याने या मान्यतेला एक अट जोडण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला: मुलाच्या निव्वळ मिळकतीचा निम्म्यापर्यंत भाग त्याच्यासाठी विश्वस्तनिधीत राखून ठेवण्यास तो सांगू शके. तथापि हा कायदा नावाच्या मानाने दुबळा होता. एक तर निधी ठेवणे न्यायाधीशाच्या मर्जीवर अवलंबून होते. दुसरे असे, की न्यायालयापुढे दीर्घ मुदतीचे करारच येत. दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीवर काम करणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याचा काहीच उपयोग नव्हता. आणि तिसरे म्हणजे पालकाच्या मालकीचे मूळ तत्त्व कायम राहिले. कायद्यानंतरही तेच घडत राहिले, हे शर्ली टेंपलच्या उदाहरणावरून दिसते. प्रौढ वयात तिने हिशेब पाहिला, तेव्हा सुमारे ३२ लक्ष डॉलरांच्या कमाईतून आपल्या नावे केवळ ४४,००० डॉलर शिल्लक असल्याचे तिला आढळून आले. कूगनची समकालीन ‘बेबी पेगी’ (१९१८–२०२०) हिची कमाईही पालकांच्या व सल्लागारांच्या हातून बालपणीच संपली होती. डायाना सेरा कॅरी या नावाने लेखिका म्हणून तिने पुढे कूगनचे चरित्र लिहिले (२००३). त्यातील समजूतदारपणा स्वानुभवातून आलेला आहे.

१ जानेवारी २००० पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ही उणीव पुष्कळशी भरून निघाली. तीनुसार बालकलावंताची मिळकत ही त्याची स्वतःची मालमत्ता ठरते आणि करार न्यायालयापुढे आलेला असो वा नसो, एकूण मोबदल्याच्या १५ टक्के रक्कम मुलाच्या नावाच्या विश्वस्तनिधीत भरावी लागते. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ही रक्कम काढता येत नाही. अशा खात्याला व्यवहारात ‘कूगन खाते’ म्हणतात. उरलेल्या ८५ टक्क्यांवर मुलाची मालकी असली, तरी तिचा विनियोग प्रत्यक्षात पालकांच्याच हाती राहतो, ही गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही. न्यूयॉर्क राज्यानेही २००३ मध्ये याच धर्तीचा कायदा केला. आंतरजालावर स्वतःच्या घरातील मुलांची चित्रणे प्रसृत करून पैसा मिळविणारे पालक हा नवा वर्ग निर्माण झाल्यावर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये अशा मुलांसाठीही निधी राखून ठेवण्याचे बंधन घातले. येथे पालक आणि निर्माता एकच असल्यामुळे अंमलबजावणीवर लक्ष कोणी ठेवावे, हा प्रश्न कूगनच्या काळातील प्रश्नाहून अधिक बिकट आहे.

उत्तरायुष्य : मार्च १९४१ मध्ये कूगन अमेरिकन भूसेनेत दाखल झाला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर त्याने हवाई दलात बदली मागून घेतली व ग्लायडर म्हणजे बिनएंजिनाचे विमान चालविण्याचे शिक्षण घेतले. भारताशी त्याचा संबंध आला तो या निमित्ताने. पहिल्या एअर कमांडो दलाबरोबर तो भारतात आला आणि ५ मार्च १९४४ च्या रात्री आसाममधील लालाघाट येथून सुरू झालेल्या मोहिमेत त्याने भाग घेतला. जनरल ऑर्ड विंगेट याच्या ‘चिंडिट’ सैनिकांना ब्रह्मदेशात जपानी आघाडीच्या पाठीमागे उतरविण्याची ती कामगिरी होती. ग्लायडर अंधारात, जंगलातील ‘ब्रॉडवे’ या सांकेतिक नावाच्या मोकळ्या पट्ट्यावर उतरवावयाचे होते. दुसरी नियोजित जागा ओंडक्यांनी अडविलेली आढळल्यामुळे सर्व भार या एकाच जागेवर पडला आणि ओबडधोबड जमिनीवर अनेक ग्लायडर मोडून पडले. अशा मोहिमेत स्वेच्छेने सामील झालेला हा वैमानिक वीस वर्षांपूर्वी जगाचा लाडका ‘किड’ होता, हे त्याच्या चरित्रकारांखेरीज फारसे कोणी लक्षात ठेवलेले नाही.

युद्धानंतर त्याने मिळेल ते काम केले: रात्रीच्या करमणूकगृहांतील कार्यक्रम, दुय्यम चित्रपट आणि पुढे दूरचित्रवाणी. ‘काउबॉय जी-मेन’ (१९५२-५३) या मालिकेत त्याची प्रमुख भूमिका होती. ‘फॉर्बिडन एरिया’ (१९५६) या दूरचित्रवाणी नाट्यातील गंभीर भूमिकेसाठी एमी पुरस्काराकरिता त्याचे नाव सुचविण्यात आले. ‘द ॲडम्स फॅमिली’ (१९६४–६६) या मालिकेतील अंकल फेस्टर या भूमिकेमुळे त्याला दुसऱ्यांदा लोकप्रियता लाभली. चार्ल्स ॲडम्स याच्या व्यंगचित्रांवर आधारलेल्या या मालिकेतील हा विक्षिप्त इसम तोंडात विजेचा दिवा धरून तो पेटवून दाखवीत असे. ज्याच्या कापलेल्या झुलपांची बातमी झाली होती, तो आता टक्कल केलेल्या, बेढब देहाच्या विदूषकाच्या रूपात नव्या पिढीतील मुलांचा आवडता झाला. त्यांपैकी बहुतेकांनी ‘द किड’ पाहिलेला नव्हता. आपल्या देहाचा असा निःसंकोच वापर करण्यामागे व्होडव्हिलचीच शिकवण होती, असे वाटते.

कूगनचे चार विवाह झाले. त्यांपैकी १९५२ मध्ये डोरोथिया लॅम्फिअर हिच्याशी झालेला चौथा अखेरपर्यंत टिकला. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट (१९२४–७८) हाही बालनट होता आणि ‘स्किपी’ (१९३१) या चित्रपटातील सूकी या भूमिकेमुळे त्याला प्रसिद्धी मिळाली. १९७२ मध्ये सन्मान स्वीकारण्यासाठी चॅप्लिन अनेक वर्षांनी अमेरिकेत परतला, तेव्हा त्याची व कूगनची भेट झाली. चॅप्लिन तेव्हा ८२ वर्षांचा व कूगन ५७ वर्षांचा होता. सँटा मोनिका (कॅलिफोर्निया) येथे कूगनचे हृदयविकाराने निधन झाले. कल्व्हर सिटी येथील होली क्रॉस दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले.